थर्मोस्टॅट आणि सात घरांची अट

पाहुणी म्हणून कुणाकडे गेलं की चहा मिळतो. पाना आणि पाट घेऊन गेलं की किस्से मिळतात! रेडिएटर नेहमी सोफ्यामागे, पलंगाच्या उशाशी नाहीतर देवाच्या फळीखाली असतो. म्हणजे घराच्या अशा कोपऱ्यात गुडघे टेकून बसावं लागतं, जिथे पाहुण्यांना कुणी नेत नाही. तिथे हरवलेली कानातली सापडतात, मुलांपासून लपवलेल्या चकल्या सापडतात, आणि मागे उभी असलेली माणसं तुमच्या पाठीशी बोलता बोलता भलतं खरं बोलून जातात. एका हिवाळ्यात मी सात घरांत थर्मोस्टॅट बसवले. त्या सात घरांनी मला जे दिलं, ते आमच्या मराठी मंडळाच्या गप्पांना अजून पुरतंय.

आधी माझ्याबद्दल. लोक परदेशातून गावी परततात, मी उलटी! जन्म जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमचा. बाबा तिथल्या गाड्यांच्या कारखान्यात, टूलरूममध्ये इंजिनिअर. मी आठ वर्षांची असताना आईचं मोठं आजारपण निघालं, म्हणून 'वर्षभरासाठी' मला सांगलीला मावशीकडे ठेवलं. आई बरी झाली, पण मला शाळा आवडली, मैत्रिणी झाल्या, आणि वर्षाची चौदा वर्षं झाली. पुण्याला मेकॅनिकल केलं आणि २०१४ च्या उन्हाळ्यात मी आईबाबांकडे परतले. डोक्यात एकच गोष्ट भरलेली: पृथ्वी तापतेय, आणि आपण रिकाम्या खोल्या तापवतोय!

इकडे प्रत्येक खोलीत गरम पाण्याचा रेडिएटर असतो. त्याच्या टोकाला एक गोल खुंटी, तिच्यावर एक ते पाच आकडे. सकाळी वाढवायची, निघताना कमी करायची, आल्यावर पुन्हा वाढवायची. निम्मे लोक विसरतात आणि दिवसभर सोफा गरम होत राहतो. मी जे बसवत होते ते मुठीएवढं यंत्र होतं. दोन बॅटऱ्या, छोटा पडदा. त्याला तुमचा आठवडा एकदा सांगायचा, मग ते स्वतःच खुंटीचं काम करतं. साधी गोष्ट. मला मात्र ती क्रांती वाटत होती.

क्रांती घरापासून सुरू करावी म्हणून जेवताना विषय काढला.

"बाबा, आपल्याकडे बसवू या."

बाबा रोज पहाटे सव्वापाचला मोजे घालून घरभर फिरतात आणि प्रत्येक खुंटी हाताने फिरवतात. कारखान्यातून आले की पुन्हा एक फेरी. ते म्हणाले, "पंचवीस वर्षं मी फिरवतोय. एकदाही विसरलो नाही. तुझ्या यंत्राची बॅटरी पंचवीस वर्षं टिकते?"

"बॅटरी बदलता येते, बाबा."

"मला बदलायची गरज पडली नाही अजून!"

मग त्यांनी अट घातली. "आल्झो, तर मग सात घरं. अख्खा हिवाळा. तुला 'हे काढून टाक' असा एकही फोन आला नाही, तर मार्चमध्ये आपल्याकडे लाव. एक जरी आला, तर विषय बंद."

"सातच का?" आईने विचारलं.

"आपल्याकडे सात रेडिएटर आहेत," बाबा म्हणाले. त्यांना ते उत्तर पुरेसं वाटलं.

*

पहिलं घर कौस्तुभचं. कौस्तुभ डार्मश्टाटला पीएचडी करतो. चार मुलांचा फ्लॅट, त्यात त्याची एक खोली, खोलीत एक रेडिएटर. वीस मिनिटांचं काम.

दार उघडलं तर आत पाय ठेवायला जागा नाही! रेडिएटरखाली बादली. बादलीशेजारी कुकर, कढई, दोन पातेली, वरणाचा डाव. जमिनीवर सगळे टॉवेल. गादी गुंडाळून कपाटावर. दारात त्याचे तीन जर्मन मित्र फरशी पुसायच्या काठ्या घेऊन उभे, आणि एकाच्या फोनवर इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरचा नंबर तयार.

मी सांगितलं, "अरे, फक्त वरची खुंटी काढायचीय. पाणी आतल्या व्हॉल्व्हने अडवलेलं असतं. एक थेंब येणार नाही."

"गेनाऊ, गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला आणि कढई दोन इंच पुढे सरकवली.

मी पान्याने नट सैल केला. चौघांनी श्वास रोखले. खुंटी हातात आली. एक थेंब आला नाही.

"तू पीएचडी कशात करतोयस रे?" मी विचारलं.

"पाण्याचा पाइपमधला प्रवाह."

"मग तुला माहीत नव्हतं?"

"थिअरीप्रमाणे पाणी येणार नाही हे मला माहीत होतं," कौस्तुभ म्हणाला. "पण तीच थिअरी वापरून मी मागच्या महिन्यात लॅब बुडवलीय!"

*

दुसरं घर प्रभाकरकाकांचं. बाबांच्याच कारखान्यात होते, आता निवृत्त. ते म्हणाले, "यंत्र घरात येतंय, तर दसऱ्याला येऊ दे."

त्या वर्षी दसरा तीन ऑक्टोबरला होता. मी सकाळीच जाऊन पाचही थर्मोस्टॅट बसवले, आठवडा विचारून घेतला, प्रोग्रॅम टाकला. तोवर काकांनी अंघोळ करून सोवळं नेसलं होतं. झेंडूच्या कुंड्या त्यांनी आठवडाभर आधीच बाउमार्क्टमधून, म्हणजे घरदुरुस्तीच्या मोठ्या दुकानातून, आणून ठेवल्या होत्या. त्यांची फुलं खुडून माळा केल्या. स्वयंपाकघरातला मिक्सर, कपाटातली ड्रिल, कारखान्यातून निवृत्तीला मिळालेला मायक्रोमीटर, आणि पाच थर्मोस्टॅट! सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना माळ. काकूंनी श्रीखंड वाढलं. मी खूश होऊन घरी आले.

संध्याकाळी फोन वाजला. काकू! दुसऱ्याच घरात अट मोडणार?

"अगं, घर गारठलंय," काकू म्हणाल्या. "मी दोन शाली घेऊन बसलेय."

धावत गेले. पाचही थर्मोस्टॅट बंद. बॅटऱ्या काढून देव्हाऱ्यासमोर ताम्हनात ठेवलेल्या!

"काका, हे काय?"

"आज पूजा केलीय. पूजा केलेलं हत्यार आज वापरायचं नसतं. उद्या सकाळी फूल उतरवू, मग चालवू."

"अहो, आज रात्री थंडी आहे!"

"माझ्या वडिलांनी दसऱ्याला कधी लेथ चालवली नाही," काका शांतपणे म्हणाले.

"यंत्राला सुट्टी आणि आम्हाला शिक्षा!" काकू शालीतून म्हणाल्या.

मी वैज्ञानिक दृष्टिकोनावर दहा मिनिटं बोलले. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग मला खिडकीपाशी नेऊन खालचा रस्ता दाखवला. तीन ऑक्टोबर म्हणजे जर्मनीचा राष्ट्रीय सुट्टीचा दिवस. दुकानं बंद, कारखाना बंद, कुठे चिटपाखरू नाही.

"बघ," काका म्हणाले, "तुला कळत नाही ते जर्मनांना कळतं. आज सगळ्या मशीन बंद!"

*

मीनलताईंचा फोन नोव्हेंबरात आला. त्या पूर्वी कोलोनला होत्या, आता आमच्यापासून दोन स्टेशनं पलीकडे. नवरा गिरीशदादा, मुलगी सात वर्षांची.

"तुझं यंत्र रोज संध्याकाळी सात वाजता रुसतं," मीनलताई म्हणाल्या. "बरोब्बर सातला! सगळे घरी असतात तेव्हाच रेडिएटर गार."

प्रोग्रॅम तपासला. सहा ते दहा, एकवीस अंश. चोख. बॅटऱ्या नव्या. मला काही कळेना. शेवटी म्हटलं, मी आज सातपर्यंत इथेच बसते.

सातला पाच कमी असताना मीनलताईंनी कढई ठेवली. मग ओट्याशेजारची खिडकी सताड उघडली.

"खिडकी का उघडलीत?"

"अगं, छताला धुराचा अलार्म आहे. एकदा मिरचीच्या फोडणीने बोंबलला, तर वरच्या मजल्यावरचे आजोबा पायजम्यावर रस्त्यात जाऊन उभे राहिले! तेव्हापासून आधी खिडकी, मग मोहरी."

आता उलगडलं. या यंत्राला एक अक्कल दिलेली असते. खोलीतली हवा अचानक गार झाली, की ते समजतं, कुणीतरी हवा बदलायला खिडकी उघडलीय. मग उगाच बाहेरचं आकाश तापवू नये म्हणून ते अर्धा तास व्हॉल्व्ह बंद करतं आणि पडद्यावर खिडकीचं छोटं चित्र दाखवतं. जर्मन माणूस दिवसातून दोनदा पाच मिनिटं खिडक्या उघडतो, त्याच्यासाठी ही सोय. मीनलताईंची फोडणी कुणी हिशेबात धरली नव्हती!

"सोपं आहे," मी म्हटलं. "ही सोय बंद करून टाकते."

"नको, नको!" सोफ्यावरून गिरीशदादा ओरडले. मुलीनेही पुस्तकातून मान वर काढून जर्मनमध्ये "नाइन!" म्हणून नकार दिला.

"का?"

"हिला 'जेवायला किती वेळ' असं विचारलं की चिडते," गिरीशदादा हळू आवाजात म्हणाले. "आता आम्ही विचारतच नाही. खिडकीचं चित्र दिसलं की वीस मिनिटांत पान!"

*

शिल्पाकडे मी खूप अभिमानाने गेले होते, कारण तिथे सगळं उत्तम चाललं होतं. एकच गोष्ट शिल्पाला खटकत होती. तिच्या सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, आणि गेले काही आठवडे त्या शनिवारी सगळ्यांना दहा वाजताच अंघोळीला पिटाळत होत्या.

"शनिवारी!" शिल्पा म्हणाली. "एकच दिवस झोपायला मिळतो. आणि कारण विचारलं तर नुसत्या हसतात."

योगायोगाने मी शनिवारीच गेले होते. पावणेअकराला सासूबाई हॉलमध्ये आल्या. हॉलच्या खिडकीत रेडिएटर, त्याच्या वरच्या फळीवर देव, देवांत मधोमध मारुती. सासूबाईंनी निरांजन लावलं आणि हात जोडून बसल्या.

ठीक अकरा वाजता फळीखालून आवाज आला. घर्रर्र! सासूबाईंनी डोळे मिटून नमस्कार केला.

तो थर्मोस्टॅट होता! आठवड्यातून एकदा ते यंत्र व्हॉल्व्हची पिन पूर्ण आत-बाहेर करतं. एरवी गंज आणि क्षार धरून पिन अडकते, म्हणून हा व्यायाम. मी तिथेच मांडी घालून आजींना सगळं समजावलं. मोटर दाखवली. कागदावर चित्र काढून दिलं. मला वाटलं, एका माणसाला तरी मी अंधारातून बाहेर काढलं!

आजींनी चित्र नीट पाहिलं. "म्हणजे पिन अडकू नये म्हणून."

"बरोबर, आजी."

"आठवड्यातून एकदा."

"हो."

"मग सात वारांतून त्यानं शनिवारच का गं धरला?"

"ते कंपनीनेच तसं ठरवून पाठवलंय," मी म्हटलं.

"हां," आजींनी निरांजन उचललं. "मग कंपनीत असंल कुणीतरी मारुतीचं!"

*

वैशालीवहिनींनी फोन केलाच नाही. त्या स्वतः आल्या! रविवारी सकाळी आठ वाजता, हातात मोठं पातेलं घेऊन.

दार बाबांनी उघडलं. वहिनींनी पातेल्यावरचं झाकण काढलं.

"काका, हे बघा तुमच्या लेकीचं काम."

पातेल्यात इडलीचं पीठ होतं. रात्री वाटून ठेवलं तसंच. एक बुडबुडा नाही.

झालं होतं असं. वहिनींकडे दर रविवारी इडली. आंबवायला पातेलं शनिवारी रात्री झोपायच्या खोलीतल्या रेडिएटरपाशी. आणि मी मोठ्या तत्त्वाने त्या खोलीचा रात्रीचा प्रोग्रॅम सोळा अंशांवर आणला होता. "झोपताना सोळा उत्तम, वहिनी, दोन पांघरुणं घ्या" असं वर भाषणही दिलं होतं. त्या दिवशी त्यांच्याकडे बारा माणसं जेवायला होती.

"आठवडा विचारला तेव्हा पीठ का नाही सांगितलंत?" मी म्हटलं.

"तू माणसं किती ते विचारलंस. पिठाचं कुठे विचारलंस?"

बाबा पातेल्यात डोकावत होते. त्यांना इतकं खूश मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. "फोन नाही आला," ते म्हणाले, "पण माणूस आलं. हे कशात धरायचं?"

"वहिनी, तुम्ही 'काढून टाक' म्हणताय का?" मी घाबरत विचारलं.

"काढून कशाला टाकायचं? शनिवारी रात्री चोवीस कर."

चोवीस! अख्खी रात्र! एका पातेल्यासाठी! मी पुन्हा सुरू झाले: ध्रुवावरचा बर्फ, समुद्राची पातळी, आपली पुढची पिढी. वहिनींनी पातेलं माझ्या हातात दिलं.

"पृथ्वी वाचव गं, मी नाही म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "फक्त सोमवार ते शुक्रवार वाचव!"

दुपारी बारा माणसांनी पोहे खाल्ले, आणि मी वाढायला उभी होते.

*

सहावं घर मराठी नव्हतं. आमच्या वरच्या मजल्यावर फ्राउ क्रेमर राहतात, वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या. जिन्यात मला पाना घेऊन जाताना पाहून त्यांनी स्वतःहून विचारलं आणि सहा थर्मोस्टॅटची ऑर्डर दिली.

मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "तुमचा आठवडा सांगा." आमच्या मंडळींना हा प्रश्न विचारला की नवराबायकोचं भांडण सुरू होतं. फ्राउ क्रेमरनी कपाटातून टाइप केलेला कागद काढून दिला. सात दिवस, वेळेसकट! एकच गोष्ट मला विचित्र वाटली. सगळीकडे तापमान सारखंच होतं: पंधरा. मी त्यांना दोनदा विचारलं. "हो, पंधरा," त्या म्हणाल्या.

जानेवारीत बाहेर बर्फ असताना मी चौकशीला वर गेले. फ्राउ क्रेमर कोट, लोकरी टोपी आणि मोज्यांचे दोन जोड घालून शब्दकोडं सोडवत होत्या. मी स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून घेतल्या.

"कसं चाललंय यंत्र?"

त्यांचा चेहरा खुलला. "अप्रतिम!" त्या म्हणाल्या. "आल्यापासून एकदाही चालू झालं नाही!"

मी खाली आले आणि आईला म्हटलं, या जगात माझ्यापेक्षा मोठी क्रांतिकारक आहे आणि ती आपल्या डोक्यावर राहते.

*

आता सातवं घर. सुलभाकाकू माइन्झला एकट्या राहतात. मुलं अमेरिकेत. काकूंना थंडी फार बाधते, म्हणून त्यांच्याकडे मी सगळ्यात जपून काम केलं होतं. जानेवारी संपत आला होता, एकाही घरातून 'काढून टाक' आलं नव्हतं. मी दिवस मोजत होते. मंडळात नवं कुणी भेटलं की विचारायचं, "तुमच्या स्वतःच्या घरी लावलेत ना गं?" आणि मला विषय बदलावा लागायचा. मार्चनंतर तो बदलावा लागणार नव्हता.

रथसप्तमीच्या आधी मंडळाचं हळदीकुंकू झालं. सुलभाकाकूंनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, "तुझ्या बाबांना सांग हो, आता खोली मस्त तापते."

"बाबांना?"

"अगं, आले होते ना मागच्या आठवड्यात. तू दोन दिवस ड्युसेलडॉर्फला गेली होतीस बघ, तेव्हा. दीड तास रेडिएटरपुढे बसले होते. चिमटा काय, तेलाची कुपी काय! चहासुद्धा गार झाला त्यांचा."

"काकू," मी विचारलं, "तुम्ही फोन केला होतात?"

"केला तर! पडद्यावर बावीस आणि रेडिएटर बर्फ. मी चिडून म्हटलं, पोरीला सांगा, येऊन हे काढून टाक म्हणावं. तर ते म्हणाले, मी येतो."

तिळगूळ माझ्या हातातच राहिला. घरी येईपर्यंत बसमध्ये मी एकच विचार करत होते. नियम म्हणजे नियम. आपणच पाळले नाहीत तर दुसऱ्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं?

बाबा पेपर वाचत होते. मी समोर उभी राहिले. "बाबा, मी हरले. सुलभाकाकूंचा फोन आला होता. 'काढून टाक' म्हणाल्या होत्या."

पेपर खाली आला नाही. "कुणाला आला होता?"

"तुम्हाला."

"आणि अट काय होती?"

"मला... फोन आला तर."

"गेनाऊ," पेपरामागून आवाज आला. "तुला आला नाही."

"पण बाबा, हे बरोबर नाही. खरं म्हणजे..."

"व्हॉल्व्ह जुना, गंजाने पिन पार अडकली होती, तुझ्या मोटरलाही हलेना. ती मोकळी केली. व्हॉल्व्ह तू बसवला होतास?"

"नाही."

"मग तुझ्या यंत्राचा काय दोष? काम उत्तम झालंय. नट मात्र थोडा जास्त आवळतेस."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "घ्या! हिवाळाभर जिंकायचं म्हणून जीव टाकला, आता हरू देत नाहीत म्हणून रडतेय!"

*

मार्चमधल्या पहिल्या शनिवारी आमच्या घरी थर्मोस्टॅट बसले. सात रेडिएटर, सात यंत्रं. बाबांनी सुट्टीचा दिवस असून कारखान्याचा निळा कोट घातला होता. त्यांनी टॉर्च धरला, मी पाना. प्रत्येक नट मी आवळला की ते बोटाने तपासायचे आणि काही बोलायचे नाहीत. त्यांच्याकडून ही पावती खूप मोठी.

बसवून झाल्यावर मी जेवणाच्या टेबलावर वही उघडली. "आता आठवडा सांगा, बाबा. तुम्ही इतकी वर्षं हाताने जसं फिरवत आलात, तसंच आधी टाकते. बचत कुठे करायची ते नंतर बघू."

बाबा हाताची घडी घालून खुर्चीत ताठ बसले आणि कागद न बघता सांगायला लागले. स्वयंपाकघर, पहाटे सव्वापाच ते सात, वीस. हॉल, संध्याकाळी चार ते दहा, एकवीस. शनिवार-रविवार सकाळी आठपासून. झोपायची खोली, रात्री सतरा. बाथरूम, पावणेसहा ते साडेसहा, बावीस. शनिवारी दोन तास जास्त, आईचे केस धुवायचे असतात म्हणून.

"सगळ्या गावाला सांगा!" आतून आई.

पॅसेज. पाहुण्यांची खोली, फक्त पाहुणे असले तर. मी भराभर लिहीत होते. सहा झाले.

"आणि लहान खोली?" लहान खोली म्हणजे माझी.

"आता ती तुझी तू ठरव."

"पण आधीचं सांगा ना. वहीत पूर्ण असू दे."

"एरवी बंद," बाबा म्हणाले. "रविवारी दोन ते चार, एकवीस."

मी लिहिता लिहिता थांबले. सात घरांत मी हाच प्रश्न विचारत आले होते, तो सवयीने तोंडातून निघाला. "रविवारीच का? कोण असायचं तिथे?"

"सांगलीला फोन मी तीनला लावायचो."

"फोन तर हॉलमध्ये होता, बाबा."

"वायर वाढवून घेतली होती."

आतल्या भांड्यांचा आवाज थांबला होता.

"पण मग दोनपासून का?"

बाबांनी टेबलावरचा पाना उचलला, फडक्याने पुसला आणि डब्यात त्याच्या जागी ठेवला.

"एवढंही शिकवलं नाही का तुला पुण्यात?" ते म्हणाले. "ती खोली तापायला एक तास लागतो."